तिरकेकाकांच्या नीटस चुका

भिंतीवर तळं आलं आणि हॉलमध्ये हशा पिकला. तळ्याचा उजवा काठ वर होता, डावा खाली. मधलं बाकडं आता घसरत घसरत चौकटीबाहेर जाणार असं वाटत होतं.

"अहो, धरा कुणीतरी ते बाकडं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पाणी सांडतंय सगळं. खाली बादली लावा," कातरीबाई म्हणाल्या.

"बादली नको, तुमची कातरी लावा," अध्यक्ष म्हणाले. "थोडं फिरवून कडा कापल्या की सरळ होईल."

"फिरवलं की बाकड्याचा पाय जातो ना पण."

"जाऊ दे पाय. बसायचंय कुणाला?"

"वा! मग फोटोत बाकडं कशाला ठेवायचं?"

झालं, जुंपली दोघांची. शेवटून दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर तिरकेकाका गप्प बसून ऐकत होते. फोटो त्यांचा होता आणि क्लबाचा नियमच असा होता की आपला फोटो भिंतीवर असेपर्यंत फोटो काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. बाजू मांडायची नाही, 'त्याचं काय झालं' म्हणायचं नाही. भिंतीवर कुणाचं नावही येत नसे, पण कुणाचा फोटो कुठला हे सगळ्यांना ठाऊक असे. पाणी सांडलं की तो काकांचा. तिरकेकाका हे नाव त्यावरूनच पडलं होतं आणि त्यांनी ते आनंदाने लावून घेतलं होतं.

काका अंधारात हसत होते. ते तळं त्यांनी मुद्दाम सांडलं होतं.

हा क्लब हौशी लोकांचा. रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल मिळायचा. जाड पडदे ओढायचे, भिंतीवर एकेक फोटो टाकायचा आणि त्याची उणीदुणी काढायची. मग पडदे उघडून चहा. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. डॉक्टरांचं त्यावरच भरत होतं. फोटोतही त्यांना कीड लगेच दिसायची. कातरीबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. कुठलाही फोटो आला की "इकडून काप, तिकडून काप" एवढंच त्यांचं म्हणणं. एकदा कुणीतरी लग्नाचा फोटो आणला, तर बाईंनी कापत कापत नवरदेवच बाहेर काढला होता.

काकांचा जन्म लिफ्टमध्ये गेला. म्हणजे लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात. उंच इमारतीच्या पोटात, वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडून रूळ उभे करायचे. रूळ केसभर जरी कलले तरी लिफ्ट चालताना कण्हते, आणि ते कण्हणं काकांना खालच्या खड्ड्यात उभं राहून ऐकू यायचं. अशा माणसाने तळं तिरकं काढायचं म्हणजे काय! कॅमेरा कलता धरताना त्यांचा हात आपोआप सरळ व्हायचा. त्याला दटावून पुन्हा कलता करावा लागे.

आता हे त्यांनी कशासाठी करायचं?

निवृत्त झाले तेव्हा पत्नी होती. ती गेली, मग घरातल्या दोन खोल्या जास्तच मोठ्या झाल्या. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. "लिफ्टवाल्याच्या घरी जिना," असं शेजारी म्हणायचे, पण तो विनोद करून करून तेही कंटाळले. मुलगा दुसऱ्या शहरात. त्यानेच वाढदिवसाला कॅमेरा पाठवला. "बाबा, जरा बाहेर पडा, फोटो काढा, आम्हाला पाठवा." बाबा बाहेर पडले. फोटो काढले, घरच्या ग्रुपवर पाठवले. मुलाने अंगठा दाखवला. सुनेने लिहिलं, 'छान बाबा'. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवला, पुन्हा अंगठा, पुन्हा छान. काकांनी एकदा गंमत म्हणून तोच फोटो परत पाठवला. तरी छान.

त्यांना मुलाचा राग नव्हता. कामाचा माणूस, त्याने तरी किती बघायचं? पण 'छान' हा शब्द काकांना दार बंद झाल्यासारखा ऐकू यायचा. लिफ्टचं दार बंद होतं तसं, मऊ आवाज करत.

मग क्लबाचा पत्ता लागला. पहिल्या रविवारी काका इस्त्रीचा सदरा घालून गेले. त्यांचा फोटो होता रस्त्यावरच्या लोखंडी फाटकाचा. सगळं सरळ, सगळं स्वच्छ. भिंतीवर आला. डॉक्टरांनी विचारलं, "कुणाला काही?" कुणाला काहीच नव्हतं. "छान. पुढचा." फाटक गेलं आणि कुणाच्यातरी पुतणीचा धूसर फोटो आला. त्यावर मात्र लोक असे तुटून पडले की चहा निवला.

पुढच्या वेळी काकांच्या हातून खरीच चूक झाली. कॅमेऱ्याचा पट्टा भिंगासमोर लोंबला आणि आकाशात एक काळा साप उतरला. त्या सापावर हॉल बोलला! कुणी म्हणालं पतंगाची दोरी, कुणी म्हणालं वीज. चहाच्या वेळी डॉक्टर स्वतः उठून काकांजवळ आले, त्यांचा हात हातात घेतला आणि पट्टा मनगटाला कसा गुंडाळायचा ते दाखवलं. "असा. सैल नको. करा बघू." काकांनी केला. "नाही हो, उलटा." पुन्हा केला. काकांच्या मनगटाला किती दिवसांत कुणाचा हात लागला नव्हता.

घरी जाताना त्यांच्या डोक्यात एक जुनीच गोष्ट नव्याने शिरली. लिफ्ट नीट चालत असते तेव्हा तिच्याकडे कोण बघतं? माणसं आत शिरतात, आकड्यांकडे बघतात, बाहेर पडतात. ती बंद पडली की मात्र सगळी इमारत गोळा होते. लोक एकमेकांना नावं विचारतात, आतल्याला धीर देतात, लिफ्टवाल्याला पाणी आणून देतात. काकांनी आयुष्यात जेवढी माणसं ओळखली, ती सगळी बिघाडामुळेच.

तेव्हापासून काका बिघाड करायला लागले.

आणि कामात हयगय त्यांना जमत नसे. एका फोटोत एकच चूक, दोन केल्या की लोक गोंधळतात आणि वैतागून पुढे जातात. चूक ढोबळ नको. अशी हवी की निम्मे म्हणतील चुकलं आणि निम्मे म्हणतील राहू दे. माणसाच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब चांगला चालायचा. पावलं कापली गेली की कातरीबाई हळहळायच्या, कारण कापण्याचा मान त्यांचा. स्वतःची सावली फोटोत पाडली, त्यावर तर दोन गट पडले. आठवडाभर काका हिंडायचे, एखादी जागा निवडायचे, आधी स्वतःच्या समाधानासाठी एक सरळ फोटो घ्यायचे आणि मग क्लबासाठी तो बिघडवायचे. रविवारी चहाच्या वेळी त्यांच्याभोवती कोंडाळं व्हायचं. "काका, गुडघे टेकून बसा." "काका, श्वास रोखा." "काका, किती वेळा सांगायचं तुम्हाला!" ते मान डोलवायचे. किती वेळा सांगायचं, याला त्यांच्या मनात एकच उत्तर होतं, पण ते कधी ओठांवर आलं नाही.

क्लबात एक ताई नव्याने यायला लागल्या होत्या. त्यांचा छोटा स्टुडिओ होता, ओळखपत्रांचे फोटो काढण्याचा. दिवसभर माणसांना "हनुवटी वर, डोळे उघडे" म्हणायचं आणि रात्री डाग पुसत बसायचं. हॉलमध्ये त्या फारसं बोलत नसत. तळ्याच्या रविवारी जिना उतरताना त्या काकांना गाठून म्हणाल्या, "काका, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला की."

"तुमच्या चुका फार नीटस असतात."

काका एका पायरीवर थांबले. "म्हणजे?"

"माझ्याकडे येणाऱ्याचे डोळे खरंच मिटतात तेव्हा पापणी कशीही पडते. मुद्दाम मिटणाऱ्याची नीट पडते. तुमचं तळं दुसऱ्या प्रकारचं आहे."

"म्हातारपण, ताई. हात कापतो."

"कापणाऱ्या हाताने चित्र हलतं काका, तिरकं होत नाही." त्या हसल्या. "मी नाही सांगणार कुणाला. पण का?"

काकांनी लिफ्टची गोष्ट सांगितली. अर्धीच. पाणी आणून देतात इथपर्यंत. ताईंनी पुढचं विचारलं नाही. खाली रस्त्यावर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "माझेही फोटो 'छान' होऊन जातात. मला वाटायचं, ती चांगली गोष्ट आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं. डॉक्टर मनाचे चांगले, म्हणून घसा खाकरून, हळू आवाजात.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. इतके दिवस झाले, आपण तिथल्या तिथेच आहोत. लोकांचाही वेळ जातो. तुम्ही असं करा, काही महिने नुसतं बसून बघा. फोटो नका आणू. बघून बघून डोळा तयार होतो."

"नुसतं बसायचं?"

"हो ना. दडपण नाही काही."

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी आणा एक शेवटचा. मग विश्रांती."

काका घरी आले ते जिन्यात दोनदा थांबत. नुसतं बसायला घर होतंच की. चूक दाखवली तर खुर्ची मिळणार, पण भिंत जाणार. सरळ फोटो दाखवला तर भिंत राहील, पण तिच्यावर कुणी थांबणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आणि खरं सांगून टाकावं तर इतके दिवस मनापासून शिकवणाऱ्या माणसांना आपण बनवलं, असं होणार.

त्याच आठवड्यात त्यांच्या जुन्या कंपनीतल्या पोरांचा फोन आला. काकांनी तरुणपणी बसवलेली एक लिफ्ट काढून टाकत होते, बघायला येता का? काका कॅमेरा घेऊन गेले. डबा काढून झाला होता, दोरही उतरवले होते. काका खालच्या खड्ड्यात उतरले आणि वर बघितलं. प्रत्येक मजल्याचं दार उघडं होतं आणि प्रत्येक दारातून उजेडाची एकेक पट्टी समोरच्या भिंतीवर पडली होती. वर वर जाताना पट्ट्या बारीक होत गेल्या होत्या. दोन्ही बाजूंना त्यांनी उभे केलेले रूळ, अजून ओळंब्यात. काकांनी कॅमेरा लावला. एवढ्यात मधल्या एका मजल्यावर आडव्या लावलेल्या फळीवरून एक बाई पिशवीसकट वाकल्या.

"अहो खालचे! कधी चालू होणार?"

"ही नाही होणार आजी. नवी येणार."

"ही बरी होती की. आवाज करायची नाही."

"नाही करायची ना?" काकांनी वर तोंड करून विचारलं.

"अजिबात नाही. कधी वर आली ते कळायचंसुद्धा नाही. तुम्ही कोण?"

"मी... बसवली होती मी ही."

"अगंबाई! मग थांबा, चहा टाकते," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. फोटो त्याआधीच निघाला होता, त्या वाकलेल्या असताना. काकांनी पुन्हा घेतला नाही. बिघडवलाही नाही.

रविवारी तो भिंतीवर आला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

"कुणाचा?" डॉक्टरांनी नियम विसरून विचारलं.

कातरीबाई पुढे सरकल्या. डावी कड पाहिली, उजवी पाहिली. "माझ्याकडे कापायला काही नाही," म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात किंचित तक्रार होती.

"कुणाला काही?" डॉक्टर थांबले. "नाही? छान. फारच छान. पुढचा."

"एक मिनिट," स्टुडिओवाल्या ताई म्हणाल्या. "त्या बाई काय विचारतायत?"

"कुठल्या बाई?"

"त्या वाकलेल्या. तोंड उघडं आहे त्यांचं."

सगळ्यांनी बघितलं. खरंच तोंड उघडं होतं. पण ज्याला उत्तर ठाऊक होतं त्याला बोलायची परवानगी नव्हती. "ते काय, फोटोचा भाग नाही ते," डॉक्टर म्हणाले आणि पुढचा फोटो आला.

चहाच्या वेळी बातमी फुटली. "काका, तुमचा? काय सांगता!" डॉक्टरांनी पाठ थोपटली. "बघा, जरा कान पिळला तर! आता विश्रांतीची बात नको. आणत जा." सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि सगळे आपापल्या कपाकडे वळले. त्यांना सांगण्यासारखं कुणाकडे काही उरलं नव्हतं. ताई जवळ आल्या, त्यांनी पुन्हा त्या वाकलेल्या बाईंबद्दल विचारलं. काकांनी सगळं सांगितलं, आजींनी चहासोबत दोन बिस्किटं दिली तीसुद्धा. तेवढंच काय ते बोलणं.

पुढचे रविवार तसेच गेले. काका सरळ फोटो आणायचे. बिघाड करायची इच्छा व्हायची, पण हात आता ऐकत नव्हता. एकदा सरळ धरू दिल्यावर तो पुन्हा दटावून घ्यायला तयार नव्हता. फोटो यायचे, जायचे. लोक त्यांना तिरकेकाका म्हणेनासे झाले, त्यात अपमान वाटेल असं त्यांना वाटलं असावं. नुसतं काका म्हणायचे. कुणी कुणी तर साहेब. चहाचा कप घेऊन काका खिडकीपाशी उभे राहायचे आणि स्टुडिओत गिऱ्हाईक असल्यामुळे ताई आल्या नाहीत, की तिथेच उभे राहून कप संपवायचे.

उभं राहिलं की दिसतं. काकांना दिसलं की क्लबात आणखी एका माणसाचे फोटो असेच झटकन जातात. डॉक्टरांचे. अध्यक्षांच्या फोटोला नावं कोण ठेवणार? ते स्वतःच "कुणाला काही?" विचारायचे, स्वतःच घाईने "पुढचा" म्हणायचे आणि त्या दोहोंच्या मधे एक छोटी फट असायची. ती फट काकांनी ओळखली.

एका रविवारी डॉक्टरांचा फोटो आला. धुकं, अंगणाचं दार आणि भिंतीला टेकून ठेवलेली एक सायकल. नीटनेटका फोटो.

"कुणाला काही? नाही. पु..."

"सायकल कुणाची, डॉक्टर?" काकांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. क्लबात कुणी असं विचारत नसे. दोष सांगायचा, नाहीतर गप्प बसायचं.

"काका, नियम आहे ना," डॉक्टर म्हणाले. "भिंतीवर असेपर्यंत मी..."

"बरं. मग मी सांगतो काय दिसतंय ते," काका म्हणाले. त्यांना फार बोलायची सवय नव्हती, शब्द शोधत शोधत म्हणाले. "सीटवर दव आहे, म्हणजे आज कुणी बसलेलं नाही. साखळीला गंज दिसतोय, म्हणजे बऱ्याच दिवसांत कुणी चालवली नाही. पण टायर टणक आहेत. हवा आहे. उभ्या सायकलची हवा जाते. म्हणजे कुणीतरी भरतंय."

अंधारात खुर्च्या कुरकुरल्या. भिंतीवरची सायकल तशीच होती, पण आता सगळे टायर बघत होते.

"मुलाची," डॉक्टर म्हणाले. नियम त्यांनीच केला होता आणि त्यांनीच मोडला. "परदेशी गेला ना तो. परत येणार नाही म्हणतो. मी भरतो हवा. रविवारी, इथे यायच्या आधी."

"कशाला भरता मग?" कातरीबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"टायर चिरतात हो, नाहीतर."

डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि बटण दाबलं.

त्यानंतरचा फोटो काकांचा होता. त्यांच्याच इमारतीचा जिना, दुपारचं ऊन, आणि कठड्यावर टेकलेला एक म्हातारा हात. वरच्या मजल्यावरचे आजोबा चढताना दम खायला काकांच्या दारासमोर थांबायचे, त्यांचा. हाताखेरीज आजोबा फोटोत नव्हते. सगळं सरळ होतं, चूक काही नव्हती.

डॉक्टरांचं बोट बटणावर होतं. त्यांनी "कुणाला काही" विचारलं नाही.

"राहू द्या जरा," कातरीबाई म्हणाल्या.

फोटो राहिला. काका नियमाप्रमाणे गप्प बसले होते. पण पडद्याच्या कडेने येणाऱ्या उजेडात काकांना दिसलं की पुढच्या रांगेतल्या कुणीतरी आपला हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता, फोटोतल्यासारखा, आणि तो तिथे कसा टेकतो ते बघत होतं.